माझं डावीकडचं ओढणं

मित्रांनो, मुंबई नाक्यामागच्या मोकळ्या जागेत उभा असलेला मी एक जुना ट्रक आहे. माझ्या हौद्यात गवत वाढलंय. इकडे कोणी फिरकत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

बाहत्तर साली मी गोटीरामशेठांकडे आलो. विंचूर-चांदवडचा कांदा भरायचा आणि घाट उतरून मुंबईला न्यायचा, हे माझं काम. स्टिअरिंगवर शफीभाई. अकरा वर्षांत त्यांनी मला ओरखडा पडू दिला नाही. शेठ चारचौघांत सांगत, "शफी गाडीवर असला की मी घोरत झोपतो." यातलं निम्मं कौतुक मी गुपचूप माझ्या नावावर ठेवून घ्यायचो.

त्याच वर्षांत कधीतरी एका खड्ड्यात माझ्या डाव्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटला. पाटे म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. पुढच्या चाकांचा एक्सल जागेवर राहतो तो या बोल्टामुळे. बोल्ट गेला, डावीकडून एक्सल हळूहळू मागे सरकला आणि मी डावीकडे ओढू लागलो. शफीभाईंचा हातही नकळत तेवढाच उजवीकडे वळू लागला. त्यांनी मला इतकं सांभाळून घेतलं, की माझं दुखणं त्यांनाच कळलं नाही. डावा टायर झिजला की भिका मिस्त्री टायरॉड, म्हणजे पुढची चाकं जोडणारा दांडा, पिळायचा, चहा प्यायचा आणि "झालं" म्हणायचा. असं चार वेळा झालं. मला तोंड असतं तर पहिल्याच वेळी सांगितलं असतं.

त्र्याऐंशी साली मुलीच्या, हमीदाच्या, लग्नासाठी शफीभाई रजेवर गेले आणि बदली म्हणून मल्हारी आला. घरी पाच खाणारी तोंडं, कमावणारा हा एकटा. चांदवडच्या पुढे विडी पेटवायला त्याने क्षणभर हात सोडले. मी थेट रस्त्याकडेच्या बाभळीत.

गॅरेजात शेठ म्हणाले, "झोपला होतास."

"नाय शेठ. गाडी डावीकडं ओढती. लय ओढती."

"गाडी नाही, तू विडी ओढत होतास."

"ती पण ओढली. पण गाडी वाकडीच हाय."

शेठांनी शफीभाईंना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "अकरा साल चालवतोय मी. गाडी नाकासमोर जाते." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हाताला मी खरोखरच सरळ होतो. मल्हारीचं काम गेलं.

जाता जाता तो मिस्त्रीला म्हणाला, "भिकादादा, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी धरून बघा. दोन्ही अंगांनी."

"आता तू मला शिकव," भिका म्हणाला.

पण दुपारी आसपास कोणी नाही असं बघून त्याने कांद्याच्या गोणीची सुतळी सोडली आणि मोजलं. डावी बाजू दोन बोटं कमी. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा तर सुतळीच बदलून पाहिली, जणू चूक तिची. मग मुकाट्याने नवा बोल्ट घातला आणि एक्सल जागेवर आणला.

भिकाला शेजारी बसवून शफीभाईंनी मला त्र्यंबक रस्त्याला काढलं, तर मी उजवीकडे जाऊ लागलो. ते वैतागले, "भिका, काय करून ठेवलंस?"

"चाचा, हात सोडा."

त्यांनी हात उचलले. मी सरळ गेलो, अगदी सरळ. शफीभाईंनी मला कडेला उभं केलं आणि बराच वेळ ते आपल्या तळहातांकडे बघत बसले. मग शेठांकडे जाऊन म्हणाले, "मल्हारी खरं सांगत होता. वाकडा माझा हात होता."

शेठांनी माणूस पाठवला. मल्हारीची खोली रिकामी होती. बिऱ्हाड घेऊन तो कुठे गेला, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर शफीभाई घोटीच्या, चांदवडच्या प्रत्येक टपरीवर थांबत आणि विचारत, "मल्हारी नावाचा ड्रायव्हर दिसला का?" पुढे त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली, त्यांनी मला सोडलं, आणि मी इथे येऊन उभा राहिलो.

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल घाला, तिचे बोल्ट तपासा, हे मी सांगणारच. पण एखाद्या नवख्या माणसाने तुमची आवडती वस्तू वाकडी आहे म्हटलं, तर चिडू नका, मोजून बघा. आणि मोजायचं ते त्या माणसाने निघायला पायात चपला घालायच्या आधी मोजा.