चारशेचा तोटा

"दोनशे आठ पंचवीस," बबडी पुटपुटली आणि तिने मोबाइल काउंटरवर पालथा घातला. लगेच उचलून पुन्हा पाहिला. दोनशे आठ वीस.

आत्या पलीकडे स्टुलावर बसून एका फ्रेमचा इवलासा स्क्रू पिळत होती. तिने मान वर केली नाही. दुपारी चष्म्याच्या दुकानात माशीही फिरकत नाही, त्यामुळे आत्या-भाचीच्या बाजाराची हीच वेळ.

सकाळी बबडीने एका कापडगिरणीचे शंभर शेअर दोनशे बाराला घेतले होते. घेतानाच ठरवलं होतं, दोनशे आठला आला की विकायचा. चारशे गेले तर गेले. हा आत्याचा नियम. बाहेर पडायचा भाव आत शिरण्याआधी ठरवायचा आणि मग आभाळ कोसळलं तरी तो खाली सरकवायचा नाही. बबडीने स्वतःच्या पंचवीस हजारांवर हे सांभाळून दाखवलं, तर आत्या तिच्या हाती दोन लाख द्यायला तयार होती. आज मुदतीचा शेवटचा दिवस.

खरं तर मुदत गेल्याच महिन्यात संपायची. पण तेव्हा बबडीने ठरवलेला भाव गुपचूप चार रुपयांनी खाली ओढला. शेअर टुणकन वर उडाला, पाच हजार मिळाले आणि बाईसाहेब आइस्क्रीमचा डबा घेऊन नाचत दुकानात आल्या. स्वतःची चलाखीही तिने स्वतःच रंगवून सांगितली. आत्याने दोन वाट्या आइस्क्रीम खाल्लं, चमचा चाटूनपुसून साफ केला आणि मुदत महिनाभर वाढवली.

"अगं, पण नफा झाला ना!"

"म्हणून तर. तोटा झाला असता तर आपणहून शहाणी झाली असतीस. आता ते काम माझ्या गळ्यात आलं."

बबडी दोन दिवस गाल फुगवून बसली होती. तशी आत्या उगाच कडक नव्हती. तिचं पहिलं दुकान 'येईल परत भाव, येईल परत' असं म्हणता म्हणताच हातचं गेलं होतं, आणि पुढची सात वर्षं तिने दुसऱ्याच्या दुकानात काचा घासल्या होत्या.

"आत्या, आठवर टेकला गं."

"हं."

"पण बाजार बंद व्हायला अजून तास आहे. वर येईल बघ."

"येईलही."

"मग थांबू?"

"मला काय विचारतेस? शेअर तुझे, शब्द तुझा."

बबडीला तिचा भयंकर राग आला. तिने ओढणीला तळहात पुसला, डोळे गच्च मिटून बटण दाबलं आणि मग हळूच एक डोळा उघडला. विकले गेले होते. चारशे रुपये गेले.

वीसेक मिनिटांत शेअर दोनशे सतरावर होता.

"बघ! बघ मेल्याला! थोडा दम धरला असता तर पाचशे मिळाले असते. शेवटच्याच दिवशी माती खाल्ली मी." तिचे डोळे भरून आले. "आता आणखी किती महिने, ते एकदाच सांगून टाक."

आत्याने फ्रेम मऊ फडक्यावर ठेवली. हात धुऊन आली, कपाटातून चेकबुक काढलं आणि पेनाचं टोपण दातात धरून लिहायला बसली. मग थांबली.

"दोन लाखांतले एका सौद्यात जास्तीत जास्त किती घालवशील?"

बबडीने नाक पुसलं. "दोन हजार. त्यापुढे दमडीसुद्धा नाही."

"आणि विकल्यावर भाव वर गेला तर?"

"रडेन," बबडी म्हणाली. "पण विकून मग रडेन."

आत्या खदखदून हसली. इतकी, की सहीची शेवटची रेघ वाकडी झाली. चेक फाडून तिने बबडीच्या हातात कोंबला.

"घे. आणि आजचं बापाला सांगू नकोस. तोटा केलास म्हणून पैसे दिले असं कळलं, तर माझा भाऊ मला वेड्यात काढेल."