जिना चढून आलेला मासा

धाकट्या दिराने नदीच्या बंधाऱ्याला माशांसाठी पायऱ्या बांधल्या, तेव्हापासून घरात त्याची खैर नव्हती. समुद्रातून येणाऱ्या माशांना बंधारा ओलांडता यावा म्हणून केलेला तो वाहत्या पाण्याचा जिना. पण त्यावरून मासा चढताना काही कुणी पाहिला नव्हता. सासरे जेवताना हटकून विचारायचे, माशांना धरायला कठडा बसवायचा राहिला का म्हणून. इंजिनियरसाहेब ताटात मान घालून जेवायचे.

थोरल्या सुनेला त्याची कीव यायची. तिचं काम माशांच्या कानात मुळातच असणारे बारीक खडे तपासण्याचं. मासा वाढतो तसे या खड्यांवर थर चढत जातात, आणि तो कुठल्या पाण्यात राहिला त्याची खूण त्या थरांत उरते: गाभ्यात जन्माच्या वेळची, कडेला शेवटच्या दिवसांची. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम हा धातू भरपूर, या नदीत अगदी कमी.

एका रविवारी सासऱ्यांनी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गळ टाकून हातभर मासा धरला. घरात तो चाटूनपुसून संपला. डोकं तेवढं सुनेने आधीच मागून घेतलं होतं.

प्रयोगशाळेत तिने तांदळाएवढा खडा काढला, गाभा दिसेपर्यंत घासला आणि लेझरखाली ठेवला. पडद्यावरची स्ट्रॉन्शियमची रेघ गाभ्यापासूनच उंच निघाली, तशीच उंच चालत राहिली आणि कडेपाशी धाडकन खाली आली. ती खुर्चीतून उठलीच. जिना फुकट गेला, असं मनातून तिलाही वाटत होतं. दुसऱ्या कानातला खडाही तिने तपासला आणि मग फोन लावला.

"भाऊजी, बाबांनी धरलेला मासा समुद्रात जन्मलेला होता. तुमच्या पायऱ्यांशिवाय त्याला वर यायला वाट नाही."



"वहिनी, नक्की ना?"

"दुसऱ्या कानालाही विचारून घेतलंय."

संध्याकाळी सासऱ्यांनी चष्मा लावून तो आलेख पाहिला, रेघेवरून बोट फिरवलं, सगळं पुन्हा एकदा समजावून घेतलं.

"म्हणजे माझ्या पोराचा जिना चढून पाहुणा आला," ते सावकाश म्हणाले, "आणि मी त्याला खाल्लं."

दीर हसता हसता डोळे पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सासरे शेजाऱ्यांना घेऊन बंधाऱ्यावर गेले. पाणी कुठे वळतं, मासा दम कुठे खातो, सगळं हातवारे करून सांगत सुटले. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. दीर मागे उभा राहून ऐकत होता, आणि एकदाही त्याने मध्ये तोंड घातलं नाही.