करंगळी पोहोचत नव्हती

काटेकाकांचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं ते दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडले. खांद्याला पितळी वजनांची पेटी, खिशात पेचकस, आणि ग्रॅमभराचा फरक दिसला तरी मालकाच्या तोंडावर "खोटा आहे" म्हणायची खोड. त्यावरून नाव पडलं आणि चिकटलं. मग ओघानेच त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणू लागले. काकू पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर लोकांचे कपडे लहान-मोठे करून द्यायच्या. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, आणि मागच्या खोलीत कपाटाशेजारी उभी असलेली जपानी गिटार.

गिटार त्यांनी चोविसाव्या वर्षी घेतली होती, जुन्या सामानाच्या एका दुकानातून. आत चिकटवलेल्या कागदावर जपानी अक्षरं होती, त्यांतलं १९७२ एवढंच त्यांना वाचता आलं. पुढचं लाकूड पिकून मधाच्या रंगाचं झालेलं, पाठ शिसवी. असलं वाद्य कुणी अडगळीत कसं टाकलं याचं त्यांना तेव्हा नवल वाटलं, ते पुढे जन्मभर वाटत राहिलं. बँडमधून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याकडे ते शिकले. कामावरून आलं की हातपाय धुऊन तासभर वाजवायचं, यात कधी खंड पडला नाही. चारचौघांत मात्र ते कधीच वाजवायला बसले नाहीत. "आपलं आपल्यापुरतं," म्हणायचे. ऐकायला एकट्या काकू. त्या मशीन थांबवत नसत, पण त्या तासात पायाचा वेग कमी करत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी काकांच्या डाव्या हाताचा अंगठा ऐकेनासा झाला. आधी वाटलं थकवा असेल. मग चहाचा कप हातातून सुटला, मग शर्टाची बटणं लागेनात. तीन डॉक्टर झाले. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "नसा सुकत जाणारा आजार आहे. हात जातील, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं. थांबवायला औषध नाही."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बाई चांगली आहे. काटा दाबत नाही." काकूंना हसू आलं.

आठवड्याने, चहा पिताना, काकांनी विषय काढला.

"गिटार विकतोय मी."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? माझी आहे."

"आणि मी कोण लागते तुमची?" काकूंनी कात्री खाली ठेवली. "चौतीस वर्षं ऐकतेय मी ती. राहू द्या घरात."

"अगं, वाद्य नुसतं पडून राहिलं की मरतं. माझ्या डोळ्यांदेखत ते कुणाच्या तरी हातात जाऊ दे. तेवढंच मला बघायचंय."

"आणि तुम्ही गेल्यावर मी काय बघू? भिंत?"

काकांनी उरलेला चहा संपवून कप खाली ठेवला. म्हणजे ठरलं, हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा त्यावर ब्र काढला नाही, पण मनातून ते गेलंही नाही.

जाहिरात दिल्यावर पहिला आला तो दातांचा डॉक्टर. त्याला दवाखान्याच्या भिंतीवर टांगायला काहीतरी 'अँटिक' हवं होतं. काकांनी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. दुसरा आला तो लाकडाबद्दल आणि भावाबद्दल अर्धा तास बोलला, पण गिटार हातात घेऊन एक सूर काही त्याने छेडला नाही. "तुम्ही वाजवत नाही का?" काकांनी विचारलं. तो म्हणाला, "नाही हो, मी वाद्यं जमवतो." त्यालाही नकार.

तिसरी आली ती बाविशीतली एक मुलगी. संगीताच्या एका क्लासमध्ये लहान मुलांना शिकवायची. अंगाने बारीक, दोन बस बदलून आलेली, घामाने डबडबलेली. गिटार हातात घेतल्यावर मात्र तिची सगळी घाई संपली. तिने सावकाश सूर जुळवले, एक तार दोनदा ऐकली आणि वाजवायला लागली. पुढच्या खोलीतलं मशीन बंद पडलं. काकूंनी दारातून पाहिलं, तोवर काकांनी तिच्या बोटांवरची नजर काढून डोळे मिटले होते आणि त्यांचा लुळा हात मांडीवर आपोआप हलत होता.

वाजवून झाल्यावर मुलगी ओशाळून म्हणाली, "काका, मला एवढे नाही परवडणार. नुसती वाजवून बघायला आले होते."

"तुला किती परवडतात?"

तिने सांगितलं. जाहिरातीतल्या किमतीच्या निम्मेही नव्हते.

"घेऊन जा," काका म्हणाले. "रोज वाजवायची, एवढंच."

मुलीने वाकून दोघांना नमस्कार केला. काकूंनी जुन्या चादरीत गिटारची पेटी गुंडाळून दिली, बसमध्ये ओरखडे नकोत म्हणून. त्या दिवशी त्या काकांशी गरजेपुरतंच बोलल्या.

पुढचे सहा महिने आजाराने भराभर घास घेतले. उजवा हात गेला, मग पाय. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे, काकू भरवायच्या. बोलणं जड झालं होतं, शब्द लगदा होऊन बाहेर यायचे, पण काकूंना ते समजायचे. आणि रोज त्यांचा एकच विषय. "आता बसली असेल ती वाजवायला." "तार बदलली असेल ना तिने?" सुरुवातीला मुलगी दोनदा भेटायला आली, मग फोन आले, मग तेही थांबले. काकू सांगायच्या, "क्लासच्या परीक्षा आहेत तिच्या."

एका गिऱ्हाइकाचा झगा पोहोचवायला काकू गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. तिथे वाद्यांच्या एका दुकानाच्या काचेमागे त्यांना ती गिटार दिसली. गिटारी सगळ्या सारख्याच दिसतात असं त्यांना वाटायचं, पण ही त्यांनी रस्त्याच्या पलीकडून ओळखली. आत जाऊन त्यांनी भोकातून वाकून पाहिलं. तोच कागद, तेच १९७२.

"कुणी विकली ही?"

"एक मुलगी देऊन गेली, दोन महिने झाले," दुकानदार म्हणाला. "बिचारीच्या मनगटाला पट्टा होता. या गिटारच्या तारा नेहमीपेक्षा लांब आहेत, बाई. मोठा हात लागतो. लहान हाताने रोज तासन् तास ताणलं की शीर धरते. डॉक्टरने तिला वाजवणंच बंद करायला सांगितलंय. रडत होती. पण ही आता गेली बरं का. परदेशातल्या एकाने घेतलीय, परवा रवाना होईल."

काकूंना आधी राग आला, मग राग कुणावर काढायचा ते कळेना. शेवटी त्यांनी दुकानदाराला एक विनंती केली. तो भला माणूस होता. त्याने गिटार काढली, चार मिनिटं वाजवली आणि काकूंनी ते फोनमध्ये भरून घेतलं.

घरी येऊन त्या काकांच्या शेजारी बसल्या. "मुलीने पाठवलंय तुमच्यासाठी," म्हणाल्या आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावर आधी ओळख उमटली, मग कपाळाला बारीक आठी पडली. बाजारात एखाद्या काट्यासमोर पडायची तशी.

"गिटार तीच," ते कष्टाने म्हणाले. "हात... तिचा नाही."

काकूंनी फोन बंद केला. थापा मारण्यात त्या कधीच तरबेज नव्हत्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं. दुकान, पट्टा, लांब तारा, परदेशातलं गिऱ्हाईक. काही म्हणजे काही लपवलं नाही.

काकांनी भिंतीकडे नजर वळवली. मग म्हणाले, "मला दिसलं होतं."

"काय?"

"पहिल्याच दिवशी. करंगळी... पोहोचत नव्हती तिची. ताणत होती." दम लागला म्हणून थांबले. "तिला सांगायला हवं होतं. पण मग... तिने घेतली नसती."

सांत्वनाचे दोन शब्द काकूंच्या तोंडापर्यंत आले होते. तुमचा काय दोष, कुणाला काय माहीत, असले. ते त्यांनी बोलायला हवे होते, असं पुढे त्यांना फार वाटलं. त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "मी म्हणाले होते, राहू द्या घरात."

"हो," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी गिटारचं नाव काढलं नाही. फोनमधलं वाजवणं काकूंनी एकदा लावू का विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं. गिळणं बंद झालं तेव्हा डॉक्टरबाईंनी पोटातून नळी घालायचं सुचवलं. काकांनी त्यालाही तशीच मान हलवली. फोनवरचं ते वाजवणं ऐकल्यावर अकरा आठवड्यांनी, सकाळी काकू गरम पाण्यात टॉवेल भिजवून आणायला गेल्या तेवढ्यात ते गेले. खुर्चीतच.

दहाबारा दिवसांनी मुलगी आली. उजव्या हाताने पर्स सांभाळत, डावा अंगाशी धरून. बातमी तिला उशिरा कळली होती. ती बसली. काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला. या भेटीची तयारी काकू कित्येक दिवस करत होत्या. कळलं होतं काकांना, सगळं कळलं होतं, आणि त्या दिवसापासून ते संपले, असं तोंडावर सांगायचं त्यांनी पक्कं केलं होतं.

पर्स उजव्या हातातच होती, म्हणून मुलीने नकळत डाव्या हाताने कप उचलला. मनगट थरथरलं, चहा बशीत सांडला. तिने झटकन कप खाली ठेवला आणि हात ओढणीखाली लपवला.

"काकू," ती म्हणाली, "मी ती गिटार... काकांना कळलं का हो?"

काकूंनी फडक्याने बशी पुसली.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटत होतं, तू रोज वाजवतेस."

मुलगी ओंजळीत तोंड खुपसून हुंदके देत रडली. सुटकेचंच रडणं होतं ते, काकूंना ओळखू आलं. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. स्वतःला मात्र त्यांना काहीच हलकं वाटलं नाही. मुलगी गेल्यावर त्यांनी दार लावलं, मशीनवर बसल्या आणि एका गिऱ्हाइकाची कमरेत सैल झालेली पँट उसवायला घेतली.