शिवणीतलं जादा कापड

शिंपीणबाईंनी आजवर दोनदा वजन उतरवलं होतं, आणि दोन्ही वेळा ते वर थोडी भर घालून परत आलं होतं. पहिल्यांदा नवऱ्याच्या टोमण्यांपायी, दुसऱ्यांदा लेकीच्या लग्नातले फोटो बरे यावेत म्हणून. नवरा टोमणे मारून थकला, लग्न पार पडलं, आणि बाईंचं ताट पुन्हा भरलं.

या खेपेला कुणी काही बोललं नव्हतं. झालं एवढंच, की कापायच्या टेबलावर वाकताना पोट कडेला अडलं आणि कात्री टेबलावर आखलेल्या मधल्या खुणेपर्यंत पोचेना. कापणी धाकट्या दिराकडे गेली, बाईंच्या वाट्याला काजं-बटणं आली. दिराचा हात वाईट नव्हता, पण गळा कापताना तो घाई करायचा आणि इकडे बाईंचा जीव वरखाली व्हायचा. आपली कात्री आपल्याला परत हवी, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. घरात कुणाला सांगितलं नाही.

जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेणं थांबलं. तयार कपडे पोचवायला त्या पायी जाऊ लागल्या. मध्ये वजन हटून बसलं, गुडघे कुरकुरले, लेक म्हणाली आता पुरे. बाई दुकान उघडलं की आधी टेबलावर वाकून बघायच्या. खूण लांबच राहिली की निमूट बटणं लावायला बसायच्या.

एका सकाळी कात्री खुणेच्या पलीकडे गेली. दिराने आपणहून जागा सोडली. म्हणाला, "वहिनी, गळे तुम्हीच कापा. गिऱ्हाइकं माझी मान कापायला निघालीत."

आता बाईंचा कामाचा झगा पोत्यासारखा लोंबू लागला होता. तो आत घेताना त्यांनी सवयीने चार बोटं कापड शिवणीत ठेवलं, पुढेमागे उसवायला. मागे दोनदा असंच ठेवलं होतं आणि दोनदा उसवलं होतं.

दिराची बायको शेजारी काजं करत होती. "ठेवा ताई, ठेवा," ती हसत म्हणाली, "वजन माहेरपणाला गेलंय तुमचं, येईल परत."

बाईही हसल्या. पण शिवण त्यांनी उलटसुलट करून पाहिली. मग झगा टेबलावर पसरला, वाकल्या आणि शिवणीच्या कडेने कात्री चालवली.

"घे, मशीन पुसायला," निघालेली पट्टी त्यांनी जावेपुढे टाकली.

जावेचं हसू थांबलं. "आणि उद्या झगा घट्ट झाला तर?"

"तर कात्री पुन्हा भाऊजींकडे जाईल. ती आता मी देत नाही," असं म्हणून बाईंनी पुढच्या गिऱ्हाइकाचं कापड टेबलावर ओढलं.