दादूकाकांची झोप

"चा घे रं, थंड व्हतंय," रंभाकाकी तिसऱ्यांदा म्हणाली.

कुंदनने कप उचलला आणि परत ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

समोर खुर्चीत दादूकाका ताठ बसले होते. पूर्वी दुपारचं जेवण झालं की रोडपालीतलं हे घर त्यांच्या घोरण्याने दणाणायचं आणि शेजारी परीक्षेचा अभ्यास करणारा कुंदन वैतागायचा. आता ते दिवसा डोळा लागू देत नव्हते. तळोज्याच्या कारखान्यात त्यांच्या पाळीला वायू गळला होता. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही, असं ते सांगत राहिले. साहेबांनी भोंग्याचं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर भोंगा ठणठणीत वाजला. म्हणजे दादू झोपला होता, असं ठरलं. बरोबरचा अविनाश अजून इस्पितळात होता आणि काकांना घरी बसवलं होतं.

"सायेब बोलले, मशीन खोटं बोलत नाय," काकी म्हणाली. "ती मशीन बनवनाऱ्या कंपनीतच हायस ना तू? बघ ना जरा."

कुंदनने बघितलं होतं. त्या मशीनच्या पोटातलं कर्नेल, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांवरचा राखणदार, त्यानेच लिहिलं होतं. कुठलाही प्रोग्राम मेमरीतली जागा मागायला आला, की राखणदाराने दोन गोष्टी तपासायच्या: जागा सुरू कुठून होते आणि संपते कुठे. मशीन कारखान्यात पोचवायच्या आदल्या दिवशी पडद्यावर आलेख काढणारा नवा प्रोग्राम दुसऱ्या तपासणीपाशी अडकत होता. कुंदनने ती तपासणीच काढून टाकली. नंतर घालू म्हणाला आणि वेळ मारून नेली. मग आलेख आपली हद्द ओलांडून शेजारच्या जागेत लिहीत सुटला. वायूची धोक्याची पातळी नेमकी तिथेच ठेवलेली होती. ती पुसली गेली, आणि ओरडायचं कधी तेच भोंग्याला कळेना. मशीन नव्याने चालू केलं की पातळी पुन्हा जागेवर येते, म्हणून तर साहेबांसमोर तो वाजला.

काल हे सापडलं तेव्हा त्याच्या वरिष्ठ मिताली मॅडम म्हणाल्या होत्या, "गुपचूप फिक्स कर आणि विषय संपव." रात्रभर त्याला तेच सोयीचं वाटत राहिलं, याची आता त्याला लाज वाटत होती.

"काका," तो म्हणाला, "भोंगा वाजलाच नव्हता. चूक माझी आहे. मशीनमधली एक तपासणी मी काढून टाकली होती. उद्या तुमच्या साहेबांसमोर हेच सांगणार आहे. माझी नोकरी गेली तर जाऊ दे."

काकीच्या हातातली बशी तशीच राहिली. काका उठून कानाखाली मारतील तर बरं, असं कुंदनला वाटलं.

"म्हंजे मी झोपलो नव्हतो?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

"सगले तेच बोलाया लागले. मग मना पन वाटलं, लागला असंल डोला. अविनाशच्या बायकोचे पाय धरून आलो रं मी."

ते पाय आपण धरायला हवे होते. कुंदनची मान वर होईना.

"रंभा, ऐकलंस? जागा व्हतो मी." काकांनी पाठ खुर्चीला टेकवली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने ते घोरू लागले.

कुंदन उठायला गेला, तशी काकीने त्याचा खांदा दाबला. "बस. खुर्ची वाजंल."

तो बसून राहिला. रडू आलं, ते त्याने आवाज न करता आवरलं.