चिनी कौल

भविष्य सांगणाऱ्या सलिलसरांच्या ओटीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत पाय ठेवायला जागा नाही, आणि मधल्या पाटावर चौकोनी भोकाची तीन चिनी नाणी खणखणत होती.

"आमच्या गुरवाचा कौल बरा," शेजारच्या आवडाबाई पुटपुटल्या. "देवाला चिकटवलेला तांदूळ उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाय. पोथी कशाला लागते?"

गावच्या कौलाला भाविका कॉलेजपासून हसत आली होती. पण सरांपुढचा हा जाडजूड इंग्रजी ग्रंथ, मूळ चिनीवरून कुणा गोऱ्या पंडिताने केलेला! त्यात काहीतरी असणारच. मांडीवर तीन वर्षांची सानवी, छातीत बारीक शिट्टी. डॉक्टर म्हणतात दम्याचा पंप रोज द्या. सगळी आळी म्हणते, सवय लागेल. द्यावा की नाही, हा प्रश्न भाविकाने सरांच्या रीतीप्रमाणे मनातच धरला होता. तिचा हात सारखा पर्समधल्या पंपाकडे जात होता.

सर नाणी टाकत आणि दर फेकीला कागदावर एक रेघ ओढत, कधी अखंड, कधी तुटकी. "सहा रेघांची आकृती पुरी झाली की तिचं पान आपोआप ठरतं. मी कोण? नुसता पोस्टमन!"

पाचवी रेघ ओढली आणि सानवीने एक नाणं उचलून धूम ठोकली. भाविका तिला पकडून आणते तोवर सर ग्रंथ उघडून वाचतही होते, "'नदी ओलांडताना काठी टाकून द्या.' काठी म्हणजे पंप, ताई. आजच बंद!"

"सर, सहावी रेघ कुठाय?"

"ती... मनात उमटली."

"आणि पंपाचं कुणी सांगितलं?" विचारतानाच तिला आठवलं. बाहेर कोकम सरबत देताना सरांच्या बायकोने, हेमाताईंनी, किती मायेने पंपाची चौकशी केली होती!

तिने ग्रंथ ओढून घेतला. पानावरच्या आकृतीची तळची रेघ तुटकी, सरांच्या कागदावरची अखंड. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, पूर ओसरेपर्यंत प्रवाशाने थांबावं. काठीचा पत्ताच नव्हता.

"म्हंजे आमचा गुरवच खरा!" आवडाबाई खूश झाल्या.

"मावशी, तांदळाच्या दाण्यालाही दमा कळत नाही हो."

धावल्याने सानवीला धाप लागली होती. भाविकाने सगळ्यांदेखत, डॉक्टरांनी धापेसाठी दिलेल्या दुसऱ्या पंपाला नळी लावून तिच्या तोंडाशी धरली. हळूहळू शिट्टी विरली.

"नाणं असो, कौल असो, इंग्रजी ग्रंथ असो," ती म्हणाली, "यातल्या कुणी माझ्या लेकीच्या छातीला कान लावलेला नाही. डॉक्टरांनी लावलाय. शंका आली तर त्यांनाच पुन्हा विचारा. मीही आता तिकडेच निघालेय."