दिवा लागला की बेल बंद

आमच्या विनीतला सरळ चाललेलं काही बघवत नाही. पोटचा मुलगा आहे म्हणून सांगते, जिथे तिथे बोट घालायची खोडच त्याला. वरळीची बीडीडी चाळ सुटली, टॉवरात खोली मिळाली, तर याने दारावर स्वतः बनवलेला डबा ठोकला. बेल आणि दारावरचा दिवा त्यातून चालणार. बसवला तेव्हा दोन्ही चाललं, खोटं कशाला बोलू. आता राहतो पुण्याला, आणि तिन्हीसांजेला तिथून मोबाइलवर माझा दिवा लावतो. मला जणू हात नाहीत.

चाळीत शेजारची कौसल्या बोलत बोलतच आत शिरायची, माझ्याच टोपावरचं झाकण काढून बघायची. इथे दोन मजले खाली, पण फिरकली नाही. म्हटलं, टॉवरात आली आणि चढली बाई. मीही गेले नाही. मी का जाऊ? दुपारी टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. भाजी एकटीपुरती. खारट झाली तरी नावं ठेवायला कोण आहे?

परवा लिफ्टमध्ये गाठ पडली. मी तोंड फिरवलं, तर तीच कडाडली, "काय गं, दिवा लावून आत बसतेस आणि दार उघडत नाय? बेल दाबून बोट दुखलं माझं!"

"मग ठोकायचं दार!"

"बेल असताना ठोकू? भांडायला आलेय मी?"

रविवारी विनीतला बोलावून घेतला. लॅपटॉप जोडून बसला, आणि हसायला लागला.

"आई, चिपमध्ये एक रजिस्टर असतं. आठ खण समज. एक खण दिव्याचा, एक बेलचा. एक लिहिलं की चालू, शून्य लिहिलं की बंद. दिवा लावताना आधी सगळे खण वाचायचे, आणि दिव्याचा तेवढा बदलायचा. मी अख्खं रजिस्टरच नव्याने लिहीत होतो. दिवा लागायचा, बाकी सगळे शून्य, म्हणजे बेलही बंद. छोटीशी चूक गं."

बेल वाजवून दाखवली आणि बॅग उचलली.

मी दारात आडवी उभी राहिले. "छोटी? तिकडे दिवा लागलेला बघून तू निवांत, आणि इकडे माझी माणसं दारातून परत! बॅग ठेव. खाली जा, कौसल्येला सांग, गुन्हा तुझा आहे, आई माजलेली नाही. मी मेले तरी सांगायला जाणार नाही. आणि येशील तो तिला घेऊनच ये."